ड्रममागचा आवाज

बर्मिंगहॅम, ३ फेब्रुवारी १९७६

ती. ईगर्टनमामांस,
ऑर्लीनचा सा. न. वि. वि.

एक गोष्ट आईला कळू देऊ नका, नाहीतर ती अख्ख्या चर्चला उपास करायला लावेल. माझ्या घशात गाठ आहे. चोवीस तारखेला ऑपरेशन. आवाज राहील का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बघू. मी नर्स आहे मामा. हे ‘बघू’ मी रोज दुसऱ्यांना सांगते.

इकडे येण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या स्टुडिओत गायले होते, तुम्ही ‘पुढच्या महिन्यात तबकडी काढू’ म्हणून पाच वर्षं ठेवून दिलंत, ते गाणं पाठवाल? आवाज गेलाच तर कसा होता, एवढं तरी जवळ असावं.

तुमच्या लोभातली,
ऑर्लीन

किंग्स्टन, १३ फेब्रुवारी १९७६

चि. ऑर्लीनला ईगर्टनमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून घास उतरत नाही. तुझी आई विचारते काय झालं. मी म्हटलं, मासा खारट झालाय. तेव्हापासून रुसली आहे.

खरं सांगतो. तेव्हा नवी टेप परवडत नव्हती. चाल फक्कड होती, म्हणून तुझा आवाज पुसून त्याच जागी दुसऱ्याला गायला लावलं. मग तिसऱ्याला. इथे सगळेच असं करतात, पण सगळे आपल्या भाचीला पुसत नाहीत.

काल ती टेप लावली आणि एकेक वाद्याची वेगळी पट्टी बंद करत गेलो. गिटार गेली, गाणारा गेला. नुसता ड्रम उरला आणि त्याच्या मागे, लांब, तू. त्या दिवशी पंखा बिघडला म्हणून तुझ्या गायच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, आठवतं? जोझायाच्या ड्रमपुढच्या माइकने तुला चोरून ऐकलं होतं. गाव त्या चालीवर नाचलं, प्रत्येक गाण्यात तू होतीस, आणि कानाच्या बढाया मारणाऱ्या तुझ्या मामाला पत्ता नाही.

ड्रम दाबता येईल तेवढा दाबून तबकडी कोरली आहे. चोवीसच्या आत पोचेल ना, याच घोरात आहे. ऑपरेशन झाल्याबरोबर कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घे.

तुझा अपराधी,
ईगर्टनमामा

बर्मिंगहॅम, १७ मार्च १९७६

ती. मामांस, सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नका. काही सांगण्यासारखं होईपर्यंत हात उचलेना. तबकडी सव्वीसला पोचली, ऑपरेशननंतर. बोलायला तीन आठवडे बंदी होती. घरमालकीणबाईंना पाटीवर लिहून दाखवलं की ही मी. त्या म्हणाल्या, फार लांबून गातेस गं.

काल बंदी उठली. जे बाहेर आलं ते गंजलेल्या बिजागरीसारखं. सुधारेल का विचारलं, तर पुन्हा तेच, बघू.

तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत का? गाणं संपल्यावर दारातून तुम्ही म्हणता, “सुरात आहे पोरी, पण घाबरलीस. पुन्हा घे.” मी घेतलं नव्हतं. सामान भरायचं होतं ना.

ऑगस्टमध्ये येते. आवाज असेल तो असेल. एक टेप कोरी ठेवा, आणि पंखा दुरुस्त करू नका.

आईला आता सांगा. लोभ तेवढा पुसू नये.

ऑर्लीन