रॉनला मिळालेला बँड

ती. विनीताताईस इथूनच वाकून नमस्कार.

रॉनच्या अंत्ययात्रेला जायला मला फक्त अर्ध्या दिवसाची सुट्टी आणि एक इस्त्रीचा शर्ट लागला. बाबा गेले तेव्हा मला तेवढंही जमलं नव्हतं.

रॉन म्हणजे माझा पहिला मालक, ज्याने मला गाड्यांचं काम शिकवलं. आज इथल्या पेंडल हिल उपनगरात माझं स्वतःचं गॅरेज आहे. रस्त्यापलीकडची गाडी नुसती ऐकून मी बिघाड सांगतो, असे कान आहेत माझे!

रॉनच्या दोस्तांच्या बँडने आधी संथ, रडवेलं वाजवलं. दफन झाल्यावर मात्र तोच बँड वरातीसारखा उसळला. त्याची मुलगी म्हणाली, "कम ऑन मेट, डॅडला रडके चेहरे आवडायचे नाहीत." मग मीही नाचलो, ताई.

आपले बाबा जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या साथीदारांना तू त्यांच्या अंत्ययात्रेत वाजवायला बोलावलंस, तर मी फोनवर ओरडलो, "वरात आहे का ही? लोक काय म्हणतील!" परदेशातल्या गॅरेजवाल्याची इज्जत जाणार होती ना! तू ऐकलं नाहीस, ते बरं केलंस.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्या त्या ओरडण्यावरून भाऊजी अजून रागावलेत का?

बाबांपुढे वाजलेल्या त्या बँडचा व्हिडिओ तू पाठवला होतास. तो मी अजून आवाज बंद करूनच पाहिलाय.

तुझा धाकटा,
यतिन