बारशाची चाल

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

चोरी झाली आहे. पोलिसात जाता येणार नाही अशी!

दुपारी सतीशबरोबर सिनेमाला गेले होते. आयर्लंडमधली दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठी हवेली, वरच्या मजल्यावर जमीनदाराच्या मेजवान्या, खाली स्वयंपाकघरात नोकरमाणसं. वर पियानोसारखा हार्प्सिकॉर्ड आणि चार तंतुवाद्यांचा स्ट्रिंग क्वार्टेट, खाली बासरी आणि फिडल. श्रीमंतांनी वाजवलं की व्हायोलिन आणि गरिबांनी वाजवलं की फिडल. वाद्य एकच! हे मी सतीशच्या कानात सांगत होते, तर तो शू म्हणाला.

तेवढ्यात खालचा आंधळा म्हातारा वाजवायला लागला. मोलकरणीचं मूल झोपत नसतं म्हणून. पहिल्या चार सुरांनाच माझ्या हातातले पॉपकॉर्न सांडले. ती माझी चाल! माझ्या बारशाला बाबांनी बांधलेली. पाच सुरांची, अगदी साधी. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ते वळण: खाली उतरता उतरता सूर मध्येच एकदा वर बघतो आणि मगच घरी येतो. तेही जसंच्या तसं! शेवटी मोलकरीण बोटीकडे निघते, तेव्हा हीच चाल वर दिवाणखान्यात चार वाद्यांवर वाजते. आजूबाजूच्या बायका रडत होत्या. मला राग आवरेना.

शेवटची नावं सरकेपर्यंत उठले नाही. सतीशला पार्किंगची घाई. संगीताच्या यादीत आधी क्लासिकलवाल्यांची नावं, जन्म-मृत्यूच्या सालांसकट. मग आयरिश चाली. माझ्या चालीपुढे एकच शब्द: ‘ट्रॅडिशनल.’ बाबांना, ज्ञानेश्वर किणेकरांना, जाऊन अकरा वर्षं झाली नाहीत तोवर त्यांची परंपरा करून टाकली!

सतीश गाडीत म्हणाला, “अगं, मला सगळ्या चाली सारख्याच वाटतात.” पस्तीस वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला.

३ फेब्रुवारी

ही चाल ठाऊक कोणाला? विचार करून डोकं दुखलं.

बाबांनी ती कधी लिहून ठेवली नाही, रेकॉर्ड केली नाही. बेळगावात शाळामास्तर होते. कॅम्पातल्या बँडमधून निवृत्त झालेल्या फर्नांडिस मास्तरांनी त्यांना लहानपणी व्हायोलिनचा गज धरायला शिकवला, पुढचं सगळं त्यांनी स्वतःच्या कानाने मिळवलं. मी बारा वर्षांची झाले तेव्हा ही चाल मला दिली. “तुझ्या बारशासाठी बांधली. घरातली चीज आहे, घरातच राहू दे.” बस. दोनच माणसं.

माझ्या लेकीला, तनिषाला, मी ती अजून दिलेली नाही. पोरगी एकोणतीस वर्षांची, व्हायोलिनवर पोट भरते, लंडनच्या स्टुडिओंतून फिरते. हात वाऱ्यासारखा, पण दमच नाही. “सूर लावायला शीक, मग देईन,” म्हणत राहिले. हल्ली मागत नाही.

बाहेर मी एकदाच वाजवली. १९९४. लंडनजवळ वॉटफर्डला नवी होते, दिवसभर घरात भिंतींशी बोलायचे. आयरिश क्लबात मंगळवारी बैठक असते कळलं, व्हायोलिन घेऊन गेले. त्यांच्यात रीत अशी की वाजवण्याआधी चाल कुणाकडून मिळाली ते सांगायचं. रचणाऱ्याचं नाव एक वेळ नसलं तरी चालतं, देणाऱ्याचं हवंच. आणि नव्या माणसाने आपल्या घरचं काहीतरी वाजवायचं. मी म्हटलं, ही माझ्या बाबांकडून, माझ्यासाठीच बांधली. वाजवली. बाबांचा शब्द मोडून.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॉरीनने नाही. बैठक तीच चालवायची. मूळची आयर्लंडची, तेव्हा पन्नाशीची, हॉस्पिटलात सिस्टर होती. फिडल मांडीवर तसंच. “कुणी बांधली म्हणालीस?” “माझ्या बाबांनी.”  मग “सुंदर आहे” म्हणून चहा आणायला गेली. चहा टेबलावरच होता!

कुठलीही चाल दोनदा ऐकली की उचलणारी बाई. पण ही तिने तीस वर्षांत माझ्यासमोर एकदाही वाजवली नाही. का नाही वाजवली? आता कळतंय का ते.

४ फेब्रुवारी

मॉरीनला फोन केला. सहज म्हणून सिनेमाचं नाव काढलं. म्हणते, “चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझे कान गेलेत, मला त्यातलं संगीत काय कळणार?” मी संगीताचा विषय काढलाच नव्हता!

९ फेब्रुवारी, रविवार

मॉरीनकडे जाऊन आले. चिवडा नेला होता, म्हणजे संशय यायला नको. चहा झाल्यावर कप विसळायला उठले आणि विसळता विसळता ती चाल गुणगुणले. खिडकीच्या काचेत ती मला दिसत होती. ऐकू येत नाही म्हणणाऱ्या बाईची डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती. वळणाच्या जागी करंगळी बरोब्बर उचलली गेली! मी गर्रकन वळले तर चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलेली. इतकी साळसूद!

निघताना कोट घ्यायला गेले तर खुंटीवर तनिषाचा मोहरी रंगाचा मफलर. मीच विणलेला, ओळखणार नाही का? तनिषा इथे येते. मला सांगत नाही. लंडनमधल्या इस्लिंग्टनहून वॉटफर्डला येते आणि आईच्या घरी न येता परस्पर जाते!

सतीशला सांगितलं. “म्हाताऱ्या बाईला भेटत असेल, चांगलंच आहे की.” ह्याला कुठेच पाणी मुरताना दिसत नाही.

११ फेब्रुवारी

सिनेमाचं संगीत ऑनलाइन सापडलं. नववा तुकडा. ‘सोलो फिडल: तनिषा देवस्थळी.’

माझी मुलगी.

१२ फेब्रुवारी

स्वयंपाक केला नाही. सतीशने टोस्ट खाल्ले.

तो तुकडा अकरा वेळा ऐकला. वाजवलंय चांगलं. त्याचाच जास्त राग येतोय. इतका दमदार गज ती माझ्यासमोर कधी चालवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोलावून घेतलं. जेवू घातलं आधी. मग फोनवर तो तुकडा लावला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले.

रंग उडाला, पण नजर खाली घातली नाही. “आई, मी चोरला नाही काही. मॉरीनने शिकवली मला. आय वॉज फिफ्टीन.”

पंधरा! चौदा वर्षं दोघी तोंडात मूग गिळून होत्या!

“तू दिलीच नाहीस ना कधी. मी मागितली की म्हणायचीस, यू आर नॉट रेडी. मॉरीन म्हणाली, धिस इज युअर ग्रँडफादर्स, तुझ्याकडे राहायला पाहिजे. प्रत्येक वेळी वाजवायच्या आधी मला म्हणायला लावायची: फ्रॉम माय ग्रँडफादर.”

म्हणजे बाबांची आहे हे मॉरीनला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं!

“मग ट्रॅडिशनल कसं लिहिलं?”

“मी सांगितला त्यांना, माझ्या आजोबाचा ट्यून आहे. ते विचारले, कुठे पब्लिश झाला? रेकॉर्डिंग आहे? काहीच नव्हतं. आणि त्यांचा आयरिश पाइप वाजवणारा ऐकून म्हणाला, हे जुनंच आहे, असं काहीतरी माझ्या गावात वाजायचं. मग त्यांनी ट्रॅड टाकला. मला भांडता आलं नाही गं. इट वॉज माय फर्स्ट सोलो.”

पाइपवाल्याच्या गावात म्हणे! दुर्गा रागातली बेळगावची चाल! मी नको ते बोलले. ‘आजोबांना विकलंस’ असंही बोलले. ती डबा न घेता गेली. सतीश तिला स्टेशनवर सोडून आला आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.

१८ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. सिनेमाच्या संगीत विभागाला. पैसे नकोत, नाव हवं. ही चाल माझे वडील ज्ञानेश्वर किणेकर ह्यांची, १९६३ साली माझ्या बारशाला बांधलेली. ती विश्वासघाताने बाहेर गेली. कोणी कोणाला दिली, सगळं नावानिशी लिहिलंय. तनिषाचं नावही आलंय. त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

सतीशने वाचलं. दोन दिवसांनी पहिलं वाक्य बोलला: “बाबांचं नाव लागेल की नाही माहीत नाही. पोरीचं जाईल, हे नक्की.”

१९ फेब्रुवारी

तनिषाचा मेसेज. सतीशने तिला सांगितलेलं दिसतंय. “आई प्लीज नको पाठवू. मला परत कोणी बोलावणार नाही.” उत्तर दिलं नाही.

२३ फेब्रुवारी

पत्र स्टँप लावून कपाटावर आहे. टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आले. एकदा पाऊस होता. एकदा नव्हता.

बाबांचं माझ्याकडे दुसरं आहे काय? घर विकलं. व्हायोलिनला कीड लागली. ही एक चाल राहिली होती, आणि तीही मीच क्लबात नेऊन सांडली. मॉरीनने केसाने गळा कापला खरा, पण मान मीच पुढे केली होती.

१ मार्च, शनिवार

आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून पत्र घेऊनच मॉरीनकडे गेले. इंग्रजीत अहो-जाहो नाही म्हणून बरं, बावीस वर्षांनी मोठ्या बाईशी भांडता येतं.

तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं. घडी घातली. “माझं नाव राहू दे. मुलीचं काढ.”

“का शिकवलीस तिला?”

“तिच्या आजोबांची आहे ना? मग तिला नको मिळायला?”

“ते ठरवणारी तू कोण?” मी ओरडलेच. “ती माझी होती द्यायला! तीस वर्षं माझ्यासमोर वाजवली नाहीस, आणि पाठीमागे माझ्याच पोरीला दिलीस! इतकं होतं तर मला विचारायला जीभ जड झाली?”

  ती भिंत धरत आतल्या खोलीत गेली, बऱ्याच वेळाने बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. आत एकच कॅसेट, रुमालात गुंडाळलेली.

“हे तुला ऐकवायचं नाही असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तू इतकी एकटी होतीस तेव्हा. पण पत्र टाकायच्या आधी ऐक. इथे नको, घरी जाऊन.” आणि दारात मला म्हणाली, “सॉरी, लव्ह.”

सॉरी! म्हणजे कबुलीच झाली! बसमध्ये सगळा उलगडा झाला. १९९४ मध्ये तिने मला चोरून रेकॉर्ड केलं असणार. त्यावरूनच बसवली. आणि आता मरायच्या आधी मन हलकं करायला पुरावा माझ्याच हातात दिला. छान. पत्राबरोबर ह्याचीही कॉपी जाईल.

घरातला टेपरेकॉर्डर माळ्यावर आहे. सतीश उद्या काढून देतो म्हणाला.

२ मार्च, रविवार

कॅसेटवर मॉरीनचं अक्षर: ‘डॅड, गावचं स्वयंपाकघर, १९५९. काकांच्या रिळावरून उतरवलं.’

खुर्ची सरकते. एक म्हातारा खोकतो, म्हणतो, “ही माझ्या आजीकडून.” आणि बारशाची चाल वाजवतो. पहिल्या सुरापासून. माझा जन्म त्रेसष्टचा.

बेळगावचा कॅम्प. गोऱ्या पलटणी, त्यांत आयरिश शिपाई असणारच. त्यांच्याकडून बँडवाले फर्नांडिस मास्तर, मास्तरांकडून बाबा. बाबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत, की तुम्हाला खरंच तुमचीच वाटायची?

वळण मात्र त्यात नाही. म्हातारा तिथे सरळ खाली उतरतो. पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. वळण तेवढं बाबांचं. मॉरीनने स्वतःच्या बापाची चाल तीस वर्षं माझ्या बापाच्या नावावर राहू दिली, आणि त्या वळणासकट माझ्या पोरीच्या हातात ठेवली.

पत्र फाडलं. तनिषाला फोन केला, रडण्यापुढे काही बोलता आलं नाही. सतीशने माझ्या हातातून फोन घेतला.

मंगळवारी तनिषा आणि मी दोघी क्लबात जाणार आहोत. वाजवण्याआधी सांगावं लागेल कुणाकडून मिळाली. मॉरीनच्या वडिलांकडून, म्हणून सांगेन. तिला हल्ली खरंच कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगेन.