एकवीस किलो चारशे ग्रॅम

नवागाम, सुरत
बुधवार

आदरणीय धुडकूदादा यांस,

योगराजचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींना नमस्कार सांगा. तुमची सुवर्णा सासरी रुळली असेल. आम्ही इकडे ठीक आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि धनश्री. तिची आई भागीरथी माहेरी तुमच्याकडे आहे, तेव्हा तिची खुशाली तुम्हालाच ठाऊक.) फोन तुम्ही उचलत नाही, भागीरथी तर नाहीच. म्हणून पत्र लिहितो. पत्र कट करता येत नाही.

सुवर्णाच्या लग्नात जे घडलं त्यातली माझी बाजू कुणी ऐकून घेतली नाही. ती गाडीपासून सुरू होते. गेल्या वर्षी मी ही गाडी घेतली. लहान, डिझेलवरची, जुनी. अशा गाड्या आता नव्या मिळत नाहीत, म्हणून ज्याच्याकडे आहे तो जपतो. पांडेसऱ्याच्या आमच्या मिलमध्ये एकानंही तिचा रंग विचारला नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, किती देते? मी म्हणालो, लिटरला बावीस. महेश (फोल्डिंगला, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला, माझ्या शेजारच्या टेबलावर असतो) म्हणाला, त्याची चोवीस देते. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष राहिलं नाही.

मी शिस्तीनं कामाला लागलो. एसी बंद केला. वाऱ्याचा अडथळा होतो म्हणून मे महिन्यातही काचा वर ठेवल्या. स्टेपनी काढून स्वयंपाकघरात ठेवली, तिच्यावर भागीरथी लोणच्याची बरणी ठेवू लागली. सुरतेत चढ नाहीत, पण उड्डाणपूल पुष्कळ आहेत. चढताना जे जातं ते उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून मी वसूल करतो. (यात जीव जाईल असं धनश्री म्हणते. ती कॉमर्सला आहे.) गल्लीबोळातल्या फेऱ्यांनी एव्हरेज पडतं, म्हणून बाजाराला भागीरथी रिक्षानं जायची. रविवारी मी एकटाच गाडी मोकळ्या रस्त्यानं बारडोलीपर्यंत नेऊन आणायचो. तिथं मला काही काम नसायचं. एकदा ती म्हणाली, मलाही न्या. मी म्हणालो, विचार करतो. (केलाही होता. तिचं वजन त्रेसष्ट आहे.)

लग्नाला निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघं आणि साड्यांचं गाठोडं. सुरतेचे पाहुणे येणार म्हणून तुमच्याकडच्या बायकांनी दोन महिने आधी रंग कळवले होते. भागीरथीनं दुकानं पालथी घालून चाळीस साड्या जमवल्या आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी टाचली. गाठोडं मी मिलच्या काट्यावर ठेवलं. एकवीस किलो चारशे ग्रॅम भरलं. सोनगडला चहाला थांबलो. पुढं कोंडाईबारीचा घाट होता. मायलेकी तोंड धुवायला गेल्या तेवढ्यात मी गाठोडं हॉटेलवाल्याच्या स्वाधीन केलं. परतताना घेऊ, असा माझा विचार. लग्नात वाटायच्या साड्या परतताना घेऊन उपयोग नसतो, हे आता लिहिताना ध्यानात येतं. तेव्हा डोळ्यांसमोर घाट होता.

तुमच्या मांडवाशी गाडी थांबली. तुम्ही पुढं आलात, माझा हात हातात घेतलात आणि चारचौघांत विचारलंत, “काय पाहुना, गाडी किती देस?” मी म्हणालो, सव्वीस. दादा, तुमच्या भुवया वर गेल्या होत्या. मी त्या पाहिल्या. त्याच वेळी भागीरथी उघड्या डिकीपुढं उभी होती आणि तिच्या मागं तुमच्या गल्लीतल्या शोभाबाई आणि पंधरा-वीस बायका. “साड्या कोठे शेतस?” तिनं मला विचारलं. हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं. वजन सांगितलं, घाटाचंही सांगितलं. शोभाबाई म्हणाल्या, “माय वं, सुरतना पाहुना हात हालवत उना!” सगळ्या हसल्या. भागीरथी हसली नाही. लग्न लागलं, जेवणं झाली, मी गाडी सुरू केली, तेव्हा तिनं डिकीतून आपली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, “आते मनं वजन बी उतारी द्या.”

याला वीस दिवस झाले. माझी बाजू ही एवढीच. लिहून काढल्यावर ती वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. घरातल्या थोरांना नमस्कार पोचवा, लहानांना माझं नाव सांगा, ते हसले तर हसू द्या.

तुमचा मेहुणा,
योगराज

ता.क. — सोनगडचा हॉटेलवाला सज्जन निघाला. एकोणचाळीस साड्या जशाच्या तशा मिळाल्या. चाळिसावी त्याच्या बायकोच्या अंगावर होती. मागायचं जिवावर आलं. चिठ्ठी तिनं परत दिली. शोभाबाईंची होती.

ता.क. दुसरं — परवा टाकी भरून हिशेब केला. अठ्ठावीस. गाडीत मी एकटाच असतो, त्यामुळे असेल. महेशला सांगायला गेलो आणि न सांगता परत आलो. घरी येऊन धनश्रीला सांगितलं. ती म्हणाली, “पप्पा, मम्मीला सांगा.”

ता.क. शेवटचं — रविवारी साड्या घेऊन येतो. गाडी आणली तर भागीरथी तिच्यात बसणार नाही, म्हणून बसनं येतो. काल गाठोडं खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालून पाहिलं, दोनदा खाली ठेवावं लागलं. तरी साक्रीच्या स्टँडवर दुपारी कुणाला तरी पाठवा. भागीरथी येणार असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवू नका. मी उचलीन.