पावडर लावलेली मेंढी

२८ एप्रिल, सोमवार
शिबिर म्हणे! 'श्रद्धा, कुटुंब आणि निसर्ग'. तीन दिवस, नगरजवळच्या एका रिसॉर्टवर. तिथल्या निसर्गाला पत्र्याचं छत आहे, आणि कूलरही!

जॉनला म्हटलं, एंजलला त्यापेक्षा सुट्टीत माझ्याकडे पारनेरला पाठव. पोर दहा वर्षांची झाली, आजीकडे एकदाही राहिलेली नाही. तर म्हणतो, "मम्मी, तिकडे विंचू असतात." हा माझा मुलगा. वय सेहेचाळीस. विंचवांना बहुधा नगरची हद्द ओलांडायला बंदी आहे!

वर मलाच गळ — "तू येऊन बोल ना. रानात आणि प्रार्थनेत वाढल्यावर माणूस कसा घडतो ते." बोलेन, पण एका अटीवर. नंतरचे पंधरा दिवस नात माझी. म्हणाला, "बघू." त्याच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो.

३० एप्रिल
भाषण लिहून काढलं. बाबा धर्मशिक्षक. वाडीवाडीला पायी जायचे, मागून मी अनवाणी. चालता चालता रोझरीची जपमाळ. काटा रुतला तरी दहा मणी संपल्याशिवाय काढायचा नाही. म्हणायचे, "फिलो, काटा कुठं पळून जात नाही!" पुढे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी बूट चढवले आणि 'जंगली' म्हणाल्या. माझी पहिली पदवी ती. बी.एड. नंतरची.

२ मे, शुक्रवार
शिबिराचा पहिला दिवस. मुलांना माती कालवायला दिली, हातमोजे घालून!

दुपारी येशूचा 'चांगला मेंढपाळ' हा देखावा. बिभीषण धनगराला मेंढ्या घेऊन बोलावलं होतं. शिबिरप्रमुख दानीएल बघतच राहिला. "अहो भाऊ, मेंढी सांगितली होती. ही काळी शेळी काय आणलीत?"

"मेंढीच हाय, सायेब. शेळीची शेपटी वर आसती, हिची बघा, खाली हाय."

"पण पांढरी नाही का एखादी?"

"तसली क्यालेंडरात आसती."

मी खुर्चीवरून पडता पडता वाचले. पण दानीएल हार मानणारा नव्हे. त्याने टाल्कम पावडरचा अख्खा डबा तिच्यावर उपडा केला. मेंढी शिंकली. मेंढपाळ झालेला मुलगा काठी टाकून पळाला. बिभीषण मला हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या देवाला काळी चालत न्हाई व्हय?"

देवाला चालते रे. शिबिराला चालत नाही.

३ मे
आज बोलले. टाळ्या पडत होत्या, मग मलाही चेव आला. "मुलांना काचेत ठेवू नका! रानात सोडा! काटे टोचू द्या!" जॉन पहिल्याच रांगेत. मुद्दाम त्याच्याकडे बघून म्हटलं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एंजल उभी राहिली.

"आजी, मग पप्पांना तू कुठे सोडलं होतंस?"

"बोर्डिंगमध्ये."

"किती वर्षांचे होते?"

"पाच."

"का?"

माईक चालू होता. खोटं बोलायची सवय नाही. "जंगली होऊ नये म्हणून," म्हटलं.

कुणी टाळी वाजवली नाही. जॉन आपल्या बुटांकडे बघत होता.

४ मे, रविवार
चर्चमध्ये मिस्साला लक्ष लागलं नाही.

माझी नोकरी होती. नवरा गेलेला. मुख्याध्यापिकेचं पोर गुरांमागे हिंडलं असतं तर लोक काय म्हणाले असते? काल मला घरी सोडताना जॉन एवढंच बोलला, "सुट्टीतही तू शिकवणी लावायचीस, मम्मी." लावायचे! गणित कच्चं होतं त्याचं!

चांगलंच कच्चं होतं.

६ मे
जॉनचा फोन. एंजलला शनिवारी सोडतो म्हणाला, पंधरा दिवसांसाठी. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवेना. मग म्हणाला, "मम्मी, मी रजा टाकलीय. मीपण राहू?"