ढवळीचा पहिला चीक

३ मार्च
टोचलं एकदाचं! ढवळीने शेपटीचा असा फटका दिला की डॉक्टरबाईंचा चष्मा शेणात. सासूबाई गोठ्याच्या दारात — "गाभण गाईला कसल्या सुया टोचता?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मागची दोन वासरं गोचीड तापाने गेली. दुसऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिसरं जाऊ देणार नाही. बस्स.

लस नवी आहे, अजून पारखून बघतायत. काही गायींना खरी लस, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते डॉक्टरबाईंनाही माहीत नाही! सगळं संपल्यावर कळणार. "चालेल ना, ताई?" चालेल म्हटलं. पाणी आमच्याच वाट्याला कशाला येईल?

४ मार्च
काल मुख्य गोष्ट लिहायची राहिली. लस गायीला, पण वासराला ती ताकद मिळणार चिकातून. पोटात असताना मिळत नाही म्हणे. जन्मल्याबरोबर पोटभर चीक गेला पाहिजे, उशीर झाला की फुकट.

आणि इथेच घोडं अडणार! आमच्याकडे गायीचा जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय वासराला आचळाला लावत नाहीत. सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचा नियम. मागच्या वेळी त्या नादात दुपार उलटली होती.

१९ मार्च
शेजारच्या सुताराच्या गायीलाही टोचलंय. त्याला बजावलं, व्याली की लगेच पाज. "वहिनी, माझी काही हरकत नाही, तांबडीला विचारून सांगतो." चेष्टेखोर मेला!

११ एप्रिल
कालवड! कपाळावर पांढरा ठिपका. हे दूध घालायला गेलेले. मी चीक काढायला भांडं घेऊन बसले, तर सासूबाई आडव्या. "जार पडू दे आधी!"

"आई, बाजूला व्हा." लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. झाल्या बाजूला. पण चेहरा!

ठिपकीने चिकाची बाटली रिकामी केली, वर माझं बोट चोखत बसली. जार आपल्या वेळेने पडला. कुणाला काही झालं नाही. घरात अबोला आहे, असू दे.

२ मे
ठिपकी पायात घुटमळते, पदर चघळते. सासूबाई लपूनछपून तिची मान खाजवतात. मी दिसले की लगेच "हट्!"

२१ मे
ठिपकीचं अंग तापलंय. कानामागे गोचीड.

२२ मे
डॉक्टरबाई येऊन सुई देऊन गेल्या. पीत नाही. लघवी लाल. नाही, नाही, नाही.

२४ मे
गेली.

२५ मे
"जाराआधी पाजलंस, त्याचं हे." सासूबाई एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या.

कुंपणापलीकडे सुताराची कालवड उड्या मारतेय. बघवत नाही. हेवा वाटतो, लिहून टाकते, इथे कोण वाचतंय! पण तोही जारासाठी थांबला नव्हता. मग? लस फसवी? की मीच काही चुकले?

६ जून
डॉक्टरबाईंचा फोन. वासरू गेलेल्या दोघांनी लशीच्या पारखणीतून गायी काढून घेतल्या. "तुमचं काय, ताई?" म्हटलं, आमची राहू दे. ठिपकीचं रक्त तपासायला घेतलंय ना? मग पुरतं होऊ दे. अर्धवट सोडलं तर ती उगाचच गेली.

सासूबाईंनी ताट आपटलं. मी शांतपणे पुसून ठेवलं.

३० ऑगस्ट
ढवळी पुन्हा गाभण.

१४ ऑक्टोबर
सगळं संपलं, आज डॉक्टरबाईंनी सांगितलं. सुताराच्या तांबडीला खरी लस होती. आमच्या ढवळीला — पाणी!

खरी लस मिळालेल्यांची वासरं बहुतेक सगळी तगली. पाणीवाल्यांची कितीतरी ठिपकीच्या वाटेने गेली. मी गोठ्यातच खाली बसले आणि पोटभर रडले. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ढवळीच्या पोटावर हात ठेवला.

मग म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना म्हणावं, या वेळी खरी टोचा. गाय मी धरते. आणि ती बाटली कुठे टाकलीस? धुऊन ठेव आत्ताच."