तिसऱ्या खुर्चीचे मत

मी, रोझलिन पेल्झ, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त ग्रंथपाल, राहणार क्लीव्हलँड हाइट्स, ओहायो, हे मृत्युपत्र कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर सांगणारे कोणी उरले नाही म्हणून लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला त्यांनीच दिला असून तो सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही बहिणीला ठेवले होते, आणि ती माझ्याआधी गेली.

माझे वकील श्री. मॉर्टन झेलिग समोर बसले आहेत. दर दोन ओळींनी ते म्हणतात, "रोझलिनबाई, हे कायद्यात बसत नाही." जे बसत नाही तेही राहू द्यावे, असे मी त्यांना सांगितले आहे. अंमलबजावणी त्यांनीच करावी.

१. घर. राहते घर माझ्या दिवंगत भावाचा मुलगा आर्नी यास द्यावे. तो फिनिक्सला असतो. मुलगा वाईट नाही. नववर्षाच्या सणाला न चुकता फोन करतो, "आत्या, बरी आहेस ना?" असे विचारतो, आणि लगेच पुढे, "ती पुस्तकं अजून तिथंच आहेत का गं?" गेल्या वर्षी त्याने एक जुनी पुस्तके घेणारा माणूस परस्पर धाडला. तो माझ्या सोफ्यावर बसून "वजनावर घेतो" म्हणाला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तेव्हा घर आर्नीचे, पुस्तके नव्हेत. आणि घराच्या किल्ल्या त्याला माझ्या दफनानंतरचे सात दिवस उलटल्यावरच द्याव्यात. कारण पुढे येईल.

२. बँकेतील शिल्लक. तीतून पाइनच्या साध्या पेटीचा व दफनाचा खर्च भागवावा. उरेल ते आमच्या ज्यू प्रार्थनागृहातील, म्हणजे सिनेगॉगमधील, मुलांच्या वाचनखोलीस द्यावे. माझ्या नावाची पाटी लावू नये. पाट्यांमुळे त्या खोलीत आधीच पुस्तकांना जागा राहिलेली नाही.

३. पुस्तके. वरच्या मजल्यावरील मुलांची सर्व पुस्तके त्याच वाचनखोलीस द्यावीत. ती काचेच्या कपाटात ठेवू नयेत. मुलांनी ती फाडली तर फाडू द्यावीत, मला त्याचे वाईट वाटणार नाही.

तळघरातील खोक्यांमध्ये जीर्ण प्रार्थनापुस्तके आहेत. ज्यावर देवाचे नाव आहे ते आम्ही टाकून देत नाही, पुरतो. गावातील निम्मी घरे हे काम मी ग्रंथपाल आहे म्हणून माझ्या दारात आणून ठेवत आली. ती खोकी माझ्याच कबरीत ठेवावीत. आमचे धर्मगुरू रब्बी ग्रोनर यांनी यास मान्यता दिली आहे. खणण्याचे काम एकदाच होईल असे मी त्यांना म्हटले, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांच्या जागी जुने रब्बी असते तर हसले असते.

४. हत्यारे. तारखेचा शिक्का म्युरिएल ट्राखटेनबर्ग हिला द्यावा. ती स्वतः सरकारी शाळेत ग्रंथपाल होती, तरी माझ्याकडून नेलेले एकही पुस्तक तिने वेळेवर परत केलेले नाही. भिंग बर्निस ओशिन्स्की हिला द्यावे. बर्निस आमच्या हिब्रू शाळेचे ग्रंथालय सांभाळत असे. वल्हांडणाच्या सणाच्या एका पुस्तकात, जेवणाच्या टेबलावर, सुरईच्या मागे, चित्रकाराने वेणीसारखी विणलेली पावाची लादी काढून ठेवली होती. त्या सणात घरात पावाचा कणसुद्धा चालत नाही. बालपुस्तकांना पदक देणाऱ्या आमच्या समितीतल्या सर्व जणींच्या नजरेतून ती सुटली, बर्निसच्या सुटली नाही. पण तोवर आम्ही त्याला पदक जाहीर करून बसलो होतो. ते पुस्तक अजूनही माझ्या उशाशी आहे. गर्व चढू लागला की मी ते उघडते.

बर्निसचे शेवयांचा कुगेल भाजायचे काचेचे भांडेही स्वयंपाकघरात आहे. ते घासून ठेवले आहे. ते इथे का राहिले हे आता सांगते.

५. गिटेलमन पदक. मला हा धंदा शिकवणाऱ्या पेर्ल गिटेलमन यांनी हे पदक सुरू केले. वर्षातील सर्वोत्तम ज्यू बालपुस्तकाला ते मिळते. पदक म्हणजे मुखपृष्ठावर लावायचे सोनेरी गोल स्टिकर, आणि निवड झाली की आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉफी व मधाचा केक. यापलीकडे काही नाही. तरी देशभरातून पुस्तके येतात, आणि ज्यांना ते स्टिकर मिळते ते लेखक फोनवर रडतात.

वाचून वाचून मी दमले आहे. हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या इतक्या गोष्टी वाचल्या की पेटता दिवा पाहिला तरी जांभई येते. तळघरात लपलेली मुले, आगगाडीत कोंबलेली मुले, मरणापूर्वी शहाणे बोलणारे आजोबा. ते लिहिले जायला हवे हे मला कळते, आमच्या घरातलीही माणसे त्याच आगगाडीतून गेली. पण दर पानगळीत तसा ढीग उशाशी घेऊन झोपायचे म्हणजे माणूस आतून झिजतो. मी हसवणारी पुस्तके शोधत राहिले ती त्यामुळेच.

समितीत पूर्वी टेबलाभोवती खुर्च्या कमी पडत. काही जणी वारल्या, काही म्हातारपण काढायला फ्लोरिडाला गेल्या, त्यात फारसा फरक नाही. आता आम्ही तिघी आहोत: मी, म्युरिएल आणि बर्निस.

पेर्लबाईंनी एकच नियम घालून दिला. आमच्या जुन्या गुरुजनांत दोन तट होते, आणि त्यांतल्या एका तटाचे मत ग्राह्य धरले गेले ते अशासाठी की ते आधी विरोधकांचे म्हणणे नीट मांडत. म्हणून आमच्याकडेही मत देण्यापूर्वी प्रत्येकीने आपल्याला नको असलेल्या पुस्तकाची स्तुती करायची. मनापासून, समोरची "पुरे" म्हणेपर्यंत. तिघींची स्तुती झाल्याशिवाय मतदान नाही, आणि मतदान नाही तर पदक नाही.

६. भांडण. गेल्या जानेवारीत दोन पुस्तके उरली. पहिल्यात एक मुलगा वल्हांडणाच्या रात्री कोरड्या रोटीचा राखून ठेवलेला तुकडा असा लपवतो की कोणालाच सापडत नाही. तो खाल्ल्याशिवाय जेवण संपवता येत नाही, म्हणून पाहुणे आठवडाभर टेबलावरून उठत नाहीत. हे म्युरिएलचे पुस्तक. मी पोट धरून हसले होते, आणि माझे मत कुठे आहे हे मी लपवले नव्हते. दुसरे बर्निसचे. त्यात समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी मरते.

बर्निसने म्युरिएलच्या पुस्तकाची स्तुती इतकी सुरेख केली की म्युरिएलने तिला मध्येच "पुरे" म्हटले. मग म्युरिएलची पाळी आली. तिने बर्निसचे पुस्तक हातात घेतले, उलटसुलट केले, आणि म्हणाली, "कागद चांगला आहे."

"आणि?" बर्निस म्हणाली.

"बांधणीही बरी आहे."

"म्युरिएल, नियम आहे."

"अगं, पण जे नाहीच ते कुठून आणू? पुन्हा मेलेली म्हातारी! पोरांना काय हेच वाचायला द्यायचं? आपल्या म्हाताऱ्यांचं आता काय उरलंय ते पाहून त्यांनी घाबरायचं?"

"माझ्या आईबद्दल बोलतेयस तू."

"तुझ्या आईचं नाव तरी काढलं का मी?"

"काढायला कशाला हवं? नोव्हेंबरातच गेली ती."

मी म्हणाले, "दोघी गप्प बसा. कॉफी गार होतेय." याहून शहाणे काही मला सुचले नाही. बर्निसने कोट घेतला आणि ती गेली, भांडे राहिले.

तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. सिनेगॉगमध्ये एक उजवीकडे बसते, एक डावीकडे, आणि मी मध्ये. म्युरिएल मला विचारते, "तुझी ती मैत्रीण कशी आहे?" बर्निस सांगते, "त्या बाईंना कळव, त्यांची छत्री माझ्याकडे राहिलीय." मी निरोप पोचवत नाही. कंटाळा येतो.

गेल्या वर्षीचे पदक दिले गेले नाही. यंदाचेही राहिले तर प्रकाशक पुस्तके पाठवणे थांबवतील, आणि पेर्लबाईंनी उभे केलेले माझ्या हातात संपेल. याची मला भीती वाटते, मरणापेक्षा थोडी जास्तच. दोघींना समोरासमोर बसवायला मी या वर्षभरात तीन वेळा जेवायला बोलावले. तिन्ही वेळा एकच आली.

७. म्हणून माझी विनंती. मला मूलबाळ नाही, भावंडे उरली नाहीत. आर्नी दोन दिवसांत विमानाने परत जाईल. सात दिवस शोकाला बसण्याचे बंधन रक्ताच्या नात्याला असते, मैत्रिणींना नाही. तरीही माझ्यासाठी म्युरिएल आणि बर्निसने याच घरात सात दिवस बसावे. स्वयंपाक करू नये, शेजारी आणतील. सातव्या दिवशी सकाळी उठल्यावर जेवणाच्या टेबलाशी यावे. म्युरिएलने बर्निसच्या पुस्तकाची स्तुती आधी करावी. कागद हा शब्द वापरू नये.

८. माझी पाळी. तिसरी खुर्ची रिकामी असेल, म्हणून माझी स्तुती व मत मी इथेच नोंदवते. श्री. झेलिग म्हणतात, मत ही मालमत्ता नाही. मी म्हटले, "झेलिगसाहेब, जिच्यासाठी कोणी भांडावं अशी माझ्याकडे तेवढीच एक चीज आहे." त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे लिहा म्हणाले.

मला म्युरिएलचे पुस्तक आवडते हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा नियमाने स्तुती बर्निसच्या पुस्तकाची.

त्यात एक मुलगी आहे. समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी तिचा चेंडू वाजला की झाडूच्या दांड्याने भिंत ठोकायची. ती मरते आणि तिच्याकडे शोकाला बसायला कोणीच येत नाही. मुलगी दुधाचा रिकामा क्रेट आणते, पालथा घालते आणि त्या बंद दारासमोर बसते. आई विचारते, "अगं, ती आपली कोण लागते?" मुलगी म्हणते, "कोणीच नाही. म्हणून तर." दुसऱ्या दिवशी खालची बाई उकडलेली अंडी घेऊन येते आणि बादलीवर बसते. शेवटी जिन्यापर्यंत माणसे.

या महिन्यात मी ते तीनदा वाचले. पहिल्यांदा भिंग घेऊन, चुका शोधायला. एकही सापडली नाही. दुसऱ्यांदा लक्षात आले की म्हातारी एकाही चित्रात नाही, फक्त तिचे दार आहे, आणि ती चांगली होती असे कोणी एकदाही म्हणत नाही. असे लिहिण्याचे धाडस आमच्या क्षेत्रात फार थोड्यांना असते. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या दाराबाहेर कोण बसेल हा विचार आला, आणि मी रडले.

पण माझ्यासारख्या म्हातारीचे डोळे पुसायला पदक नसते. म्हणून मी ते रविवारी वाचनखोलीत नेले आणि मुलांना वाचून दाखवले. घाबरले कोणी नाही. बादलीपाशी हसले. वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, "त्यांना कोणी बोलावलं होतं का?" मी नाही म्हटले. दुसऱ्याने विचारले, "मग त्यांना कसं कळलं यायचं?" त्यावर त्यांची आपसात इतकी वादावादी झाली की मला पुस्तक मिटून नुसते ऐकत बसावे लागले. इतक्या वर्षांत असे फार वेळा झालेले नाही.

माझे मत बर्निसच्या पुस्तकाला.

म्युरिएल, तुला राग येईल. तुझे पुस्तकही चांगले आहे, आणि ते मुलांना मी आधीच वाचून दाखवले आहे. स्टिकरांची गुंडाळी वरच्या खणात आहे. पहिले स्टिकर तूच लाव, बर्निसचा हात आता थरथरतो. तिसऱ्या खुर्चीवर कोणाला घ्यायचे हे दोघींनी मिळून ठरवावे. दोघींनाही पटेल अशी कोणी घेऊ नये.

मग शोक संपवून उठणारी माणसे जशी बाहेर पडतात, तशी तुम्ही दोघींनी या घराभोवतीच्या रस्त्यांवरून एक फेरी मारावी. बोलायलाच हवे असे नाही. पण म्युरिएलचा गुडघा वाईट आहे आणि माझ्या दारापुढच्या फरश्या मेपलच्या मुळांनी उचकटल्या आहेत. तिला कोणाला तरी हात द्यावा लागेल, आणि मी असणार नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि साक्षीदारांसमक्ष सही केली. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही, मधाच्या केकचा एकेक तुकडा सोडून, आणि तो त्यांनी आत्ताच खाल्ला आहे.

(सही) रोझलिन पेल्झ

साक्षीदार:
(सही) हाइमी वॉक्समन, औषध दुकानदार
(सही) डोरीन कोवाल्चिक, शेजारीण

समक्ष: (सही) मॉर्टन झेलिग, वकील

स्थळ: क्लीव्हलँड हाइट्स, जेवणाचे टेबल
दिनांक: ४ नोव्हेंबर २०१९