वगळलेले नऊ आलेख

४ नोव्हेंबर
चिरंजीवांनी बंगळुरूहून धाडलेले घड्याळ पंधरा दिवस मनगटावर आहे. नाडी मोजते, बटणावर बोट ठेवल्यास अर्ध्या मिनिटाचा हृदयाचा आलेख काढते. आज भाट्याच्या पुलावर त्याची सूचना: ठोके अनियमित. वारा, चाल, सैल पट्टा, असे तीन दोष उघड. आलेख पुसला.

६ नोव्हें.
खुर्चीत स्थिर बसून, पट्टा आवळून पाच आलेख. चार निर्दोष, एक वेडावाकडा, तो वगळला. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर हेच शिकवले: न जुळणारे निरीक्षण बाद. सुमती स्वयंपाकघरातून, "अहो, त्या घड्याळाला किती वेळा नापास करणार आहात?" पत्नीशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही.

११ नोव्हें.
जिन्यात धाप. छातीत फडफड, सुमारे चार मिनिटे. (उपमा टाळतो.) सुमतीने न विचारता डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली.

१२ नोव्हें.
डॉ. रुबिना, माझी बारावीची विद्यार्थिनी. दवाखान्यातला ईसीजी स्वच्छ. मी अभिमानाने घड्याळातले आलेख उतरवलेली वही पुढे केली: बावीस आलेख, सर्व नियमित.
"सर, इतकं नीटनेटकं हृदय मी पाहिलेलं नाही. वगळलेले कुठायत?"
नऊ होते. पुसले.
"मला तेच नऊ हवे होते."
हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय अधूनमधून सुटत असावी. तसे असल्यास रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते; वेळीच कळल्यास गोळीने धोका पुष्कळ घटतो. मात्र आधी खात्री हवी. शनिवारपासून चौदा दिवस छातीला नोंद घेणारी पट्टी. "ही तुम्हाला पुसता येणार नाही हं, सर."
रिक्षात सुमती एवढेच म्हणाली, "नऊ वेळा झालं. मला एकदाही सांगितलं नाहीत."


१७ नोव्हें.
पट्टी खाजते. फडफड होताच तिचे बटण दाबायचे, वेळ लिहायची. वही सुमतीने ताब्यात घेतली आहे. तिची नोंद: "७.४०. चहा पिताना. चेहरा पांढरा. काही नाही म्हणाले, म्हणजे होतं." शास्त्रीय नोंदीत शेवटचे वाक्य अग्राह्य. खोडण्यासाठी पेन उचलले, आणि

ठेवून दिले. वाक्य बरोबर आहे.

२३ नोव्हें.
फडफड दोनदा. दोन्ही वेळा नोंदवल्या. आश्चर्य म्हणजे भीती उणावली आहे. पुलापर्यंत फिरून आलो, सुमती सोबत. ती फार हळू चालते. मीही चाल कमी केली.

२९ नोव्हें.
पट्टी निघाली. अहवाल पुढच्या आठवड्यात. गोळीचे तेव्हा ठरेल. रुबिना म्हणाली, "काही निघालंच तरी वेळेत निघालं, सर." तिचा तर्क निर्दोष वाटतो.
जेवणानंतर पुन्हा फडफड. सुमती मागीलदारी होती. हाक मारली. ओले हात पदराला पुसत आली, माझे मनगट धरून शेजारी बसली, आणि शेजाऱ्यांच्या फणसाविषयी काहीबाही सांगत राहिली.
फडफड किती मिनिटे चालली, ते आज मोजायचे राहिले.